हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या तान्ह्या बाळावर लक्ष कसे ठेवावे?

चाफा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मुलाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांपैकी एकाचीच वाढ नीट झालेली आहे. जन्मानंतर लगेचच त्याच्यावर महाधमनीच्या कमानीची दुरुस्ती करून शंट (फुफ्फुसांकडे रक्त नेणारी कृत्रिम नळी) बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि पुढची, म्हणजे ग्लेनची शस्त्रक्रिया (शरीराच्या वरच्या भागातून परतणारे रक्त थेट फुफ्फुसांकडे वळवणारी) तो चार ते सहा महिन्यांचा झाल्यावर करायची आहे. आता तो दोन महिन्यांचा होत आला असून त्याचे वजन ३ किलो ६०० ग्रॅम आहे. घरी सोडताना आम्हाला पायाला लावायचा ऑक्सिमीटर, बाळांचा वजनकाटा आणि रोजच्या नोंदींसाठी एक तक्ता देण्यात आला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान राहिले पाहिजे, एवढे आम्हाला पक्के ठाऊक आहे.

अडचण अशी की, रुग्णालयात असताना यंत्र वाजले की कोणीतरी येऊन पाहत असे. घरी ते वाजले की आम्हीच एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. रात्रीतून अनेकदा आकडा ६८ किंवा ७० दाखवतो आणि पाय हलवला की पुन्हा ८० वर येतो. यातला खरा आकडा कोणता मानायचा? शिवाय यंत्राकडे पाहण्याच्या नादात बाळाकडे पाहायचे राहून तर जात नाही ना, अशी शंका येते. सॅच्युरेशनखेरीज रोज नेमके काय पाहावे, कशासाठी फोन करावा आणि कशासाठी फोनची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे, हे ज्यांनी हा काळ काढला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नोंदवही

चाफाताई, आमची मुलगी याच टप्प्यातून गेली असून तिची ग्लेनची शस्त्रक्रिया होऊन बराच काळ लोटला आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांबद्दल काही लिहीत नाही. मात्र यंत्र आणि काटा यांच्याशी माझी चांगलीच ओळख झाली आहे, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितो.

ऑक्सिमीटरच्या पट्टीत एका बाजूला लाल दिवा असतो आणि दुसऱ्या बाजूला तो प्रकाश टिपणारा भाग असतो. हे दोन्ही भाग पावलाच्या दोन बाजूंना अगदी समोरासमोर आले पाहिजेत. ते जरा तिरके बसले तरी आकडा खाली येतो. पट्टी सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि फार आवळली तर रक्तप्रवाहच कमी होतो, म्हणून ती बेताची गुंडाळून वरून मोजा चढवावा. पाय गार असेल तर आधी तळहातात धरून ऊब द्यावी. यानंतरही बाळ रडत असेल, दूध ओढत असेल किंवा पाय झाडत असेल, तर त्या वेळचा आकडा नोंदवण्याच्या लायकीचा नसतो.

आकडा खरा आहे की नाही हे ओळखण्याची खूण यंत्रातच असते. पडद्यावर नाडीची लाट किंवा उभी पट्टी दिसते. ती एकसारख्या लयीत वरखाली होत असेल आणि यंत्र दाखवत असलेले नाडीचे ठोके छातीवर हात ठेवून मोजलेल्या ठोक्यांशी जुळत असतील, तर सॅच्युरेशनचा आकडा गंभीरपणे घ्यावा. लाट वेडीवाकडी असेल तर आधी पट्टी नीट लावावी, नाहीतर ती दुसऱ्या पायाला लावून मिनिटभर थांबावे. तुम्ही लिहिलेला, पाय हलवताच ८० वर जाणारा आकडा बहुधा या प्रकारातला असावा. पण बाळ शांत झोपलेले असताना, लाट स्वच्छ असताना आणि दोन्ही पायांवर ७० च दिसत असेल, तर तो यंत्राचा दोष समजून सोडून देऊ नये. आणि हे सगळे तपासत असताना बाळाचा रंग किंवा श्वास वेगळा वाटला, तर पट्टीशी खेळत बसूच नये. मोठ्या माणसांच्या बोटाला लावतात तो चिमट्यासारखा ऑक्सिमीटर बाळासाठी वापरू नये, हेही जाता जाता सांगतो, कारण अनेक घरांत तोच सापडतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सॅच्युरेशन ८० च्या खाली गेले की या यंत्रांची अचूकता कमी होते आणि सावळ्या त्वचेवर ती खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात. त्यामुळे ७६ आणि ७८ यांतील फरकावर काथ्याकूट करण्यापेक्षा, तुमच्या बाळाचा नेहमीचा आकडा कोणता आणि तो काही दिवसांत सावकाश खाली सरकतो आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. आमच्या तक्त्यात कोणताही एक आकडा धोक्याचा नव्हता. मात्र आठवडाभराचे आकडे एकाखाली एक वाचले तेव्हा उतार स्पष्ट दिसत होता आणि त्यावरूनच डॉक्टरांनी ग्लेनची तारीख अलीकडे घेतली.

जास्त आकड्याने हुरळून जाऊ नये, हेही लक्षात ठेवावे. शंट असलेल्या बाळाचे सॅच्युरेशन सतत ९० च्या वर राहू लागले तर त्याचा अर्थ फुफ्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जात आहे आणि उरलेल्या शरीराच्या वाट्याला कमी येत आहे, असा असू शकतो. अशा वेळी आकडा छान दिसतो, पण बाळ फिकट पडते, त्याला घाम येतो आणि श्वास वाढतो. आमच्या कागदावर खालच्या मर्यादेप्रमाणे वरचीही मर्यादा लिहिलेली होती. तुमच्या कागदावर ती नसेल तर विचारून घ्यावी.

आता वजन. रोज सकाळी ठरलेल्या वेळी, दूध पाजण्यापूर्वी, बाळाला पूर्ण उघडे करून, त्याच काट्यावर आणि काटा त्याच टणक जागी ठेवून वजन करावे. लंगोट ओला असला तरी पन्नास ग्रॅमचा घोळ होतो, आणि इथे हिशोब वीस-तीस ग्रॅमचा असतो. ही पद्धत अमेरिकेतील मिलवॉकी येथील बालहृदयरोग विभागाने २००० साली सुरू केली आणि तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या टप्प्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडलेल्या बाळांपैकी दुसऱ्या टप्प्याआधीच, म्हणजे ग्लेनआधीच, दगावणाऱ्यांची संख्या त्यापूर्वी ५७ मध्ये ९ इतकी होती. घरी रोज वजन आणि सॅच्युरेशन मोजायला लागल्यावर पहिल्या २४ बाळांपैकी एकही दगावले नाही. आकडे लहान आहेत हे खरे, पण त्यानंतर जगभरच्या अनेक केंद्रांनी हीच पद्धत उचलली. वजनाबाबत त्यांनी ठरवलेली मर्यादा अशी होती की, २४ तासांत वजन ३० ग्रॅमपेक्षा जास्त घटले किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढले नाही, तर कळवायचे. तुमच्या रुग्णालयाची मर्यादा थोडी वेगळी असू शकते. ती विचारून तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवावी.

रात्रपाळी

मी बालहृदयशल्यचिकित्सा विभागात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. वरील प्रतिसादातील ऑक्सिमीटरचे वर्णन उत्तम आहे. यंत्राच्या नादात बाळाकडे पाहणे राहून जाते का, ही चाफाताईंची शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आकडा खाली येण्याच्या कितीतरी आधी बाळ दुधावरून सांगते. काल वीस मिनिटांत बाटली संपवणारे बाळ आज तेवढ्याच दुधाला पाऊण तास लावत असेल, मध्येच दमून झोपत असेल, कपाळावर आणि डोक्याच्या मागच्या बाजूला घामाने ओले होत असेल, तर हृदयावर ताण वाढला आहे असे समजून त्याच दिवशी फोन करावा. दूध पाजणे हा तान्ह्या बाळाचा सर्वांत मोठा व्यायाम असतो आणि म्हणून साधारणपणे एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पाजत राहू नये, असे आम्ही सांगतो. त्यापुढे पोटात जाणाऱ्या दुधापेक्षा ते ओढण्यात खर्च होणारी शक्ती जास्त असते. प्रत्येक वेळी किती मिलिलिटर गेले हे लिहून रात्री बेरीज करावी. अंगावर पाजत असाल तर मिलिलिटर कळत नाहीत. तेव्हा पाजण्यापूर्वी आणि नंतर वजन करून अंदाज घेता येतो, पण तो खटाटोप सांगितला असेल तरच करावा.

श्वास मोजायचा तो बाळ गाढ झोपेत असताना आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची सवय लावून घेऊ नये, कारण तान्ह्या बाळांचा श्वास मुळातच कधी जलद, कधी संथ असा चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानाने दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक आणि दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा त्याहून अधिक श्वास हे जलद धरले जातात. हृदयाचा आजार असलेल्या काही बाळांचा नेहमीचा वेगच त्याच्या आसपास असतो, म्हणून तब्येत चांगली असतानाच तुमच्या बाळाचा आकडा मोजून ठेवावा. वेगाइतकेच कष्टही पाहावेत. नाकपुड्या फुलणे, फासळ्यांमधली जागा आत ओढली जाणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येणे, यांपैकी काहीही दिसले तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्यावे.

रंग पाहताना हातापायांवर जाऊ नये. गार पडलेले हातपाय निळसर दिसतात आणि ऊब मिळाली की सुधारतात. ओठ, जीभ आणि हिरड्या पाहाव्यात. तुमच्या बाळाचे ओठ एरवीही किंचित निळसर असतील. ते नेहमीपेक्षा गडद झाले आहेत का, हे दिवसाच्या उजेडात पाहावे. निळेपणाइतकाच राखाडी, फिकट रंग वाईट असतो, आणि त्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. बाळ सुस्त पडले, हाक मारून वा तळपायाला चुटकी मारूनही नीट जागे होत नाही किंवा कशानेही न थांबणारे, किरकिरे रडते आहे, हीसुद्धा थेट निघण्याचीच कारणे आहेत. शांत झोपेत ठोके मिनिटाला २२० च्या वर जाऊन तिथेच टिकले, तर लयीचा बिघाड असू शकतो. तेव्हाही थांबू नये.

आता शंटबद्दल एक गोष्ट, जी मी प्रत्येक आईवडिलांना घरी जाण्यापूर्वी दोनदा सांगते. शंट म्हणजे अवघ्या तीन ते चार मिलिमीटर व्यासाची कृत्रिम नळी असते आणि फुफ्फुसांना मिळणारे रक्त तिच्यातूनच जाते. बाळाच्या अंगातले पाणी कमी झाले की रक्त दाटते आणि त्या नळीत गाठ धरण्याचा धोका वाढतो. म्हणूनच इतर बाळांच्या बाबतीत ज्या उलट्या-जुलाबांकडे आपण एखादा दिवस वाट पाहून बघू म्हणतो, त्यासाठी शंटच्या बाळात काही तासही थांबू नये. त्यातून लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर पाणी दुप्पट वेगाने कमी होते. लंगोट सहा तास कोरडा राहिला, टाळू खोल गेलेली दिसली किंवा तोंड कोरडे पडले, तर ताबडतोब संपर्क साधावा. पण औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण ते थांबवायचे की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

रक्त गोठू नये म्हणून दिलेली अॅस्पिरिनही कोणाच्या सांगण्यावरून थांबवू नये. ती चालू असताना घरात कोणाला फ्लू किंवा कांजिण्या झाल्या, तर बाळ ठणठणीत असले तरी कळवावे. या दोन आजारांत अॅस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. तापासाठी आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय देऊ नये. मुळात या वयात १००.४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो औषधाने उतरवून वाट पाहण्याचा ताप नव्हे, लगेच कळवावे.

औषधांच्या मोजमापात होणारी सर्वांत धोकादायक गफलत दशांश चिन्हाची असते. ०.४ मिलिलिटरऐवजी ४ मिलिलिटर, असे घडल्याचे मी पाहिले आहे. चमचा वापरूच नये. एक मिलिलिटरची तोंडाने औषध देण्याची सिरिंज घ्यावी आणि कितपर्यंत भरायचे तिथे तिच्यावर बारीक खूण करून ठेवावी. नवी बाटली आणली की एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे हे जुन्या बाटलीशी ताडून पाहावे, कारण तेच औषध वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते आणि चिठ्ठीवर बहुधा मिलिलिटरच लिहिलेले असतात. औषध दिल्यावर बाळाने उलटी केली तर पुन्हा मात्रा द्यायची की नाही, हे प्रत्येक औषधासाठी आधीच विचारून ठेवावे. डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल तर न विचारता दुसरी मात्रा कधीही देऊ नये.

जखमेबद्दल थोडक्यात सांगते: लाली पसरणे, सूज, पू किंवा पाणी येणे, टाक्यांची कड उघडी पडणे, छातीचे हाड हलल्यासारखे वा टकटक वाजल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवावे. छातीचे हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर बाळाला काखेत हात घालून उचलू नये, एक हात मानेखाली आणि दुसरा कुल्ल्यांखाली घालून ओंजळीत उचलल्याप्रमाणे घ्यावे. तुमचा तो काळ बहुतेक सरला असेल, तरी पालथे झोपवून खेळवण्याआधी शल्यचिकित्सकांना विचारावे.

हिरवळ

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून मला एक हरकत नोंदवावीशी वाटते. ती माहितीबद्दल नाही, तर हा धागा कोण वाचेल याबद्दल आहे. माझ्या मुलाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र होते आणि ते शस्त्रक्रियेने पूर्ण बंद केले आहे. अशी पूर्ण दुरुस्ती झालेल्या बाळाचे सॅच्युरेशन एरवीच्या निरोगी बाळाइतकेच, म्हणजे साधारण ९५ च्या वर असायला हवे. उद्या एखादी आई इथे ७५ ते ८५ हे वाचून आपल्या बाळाच्या ८५ वर निश्चिंत राहिली, तर ते भयंकर होईल. चाफाताईंच्या बाळाचे आकडे त्यांच्या बाळापुरतेच आहेत, असे कृपया समजावे.

दुसरे असे की, आम्हाला घरी ऑक्सिमीटर ठेवू नका असे स्पष्ट सांगितले होते. आमच्यासारख्या बाळांना त्याचा फायदा नसतो, उलट खोट्या गजराने सगळे घर जागे राहते. तरीही आम्ही हौसेने मागवला आणि पंधरवड्यात परत कपाटात टाकला. कोणाला यंत्र लागते आणि कोणाला नाही, हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते. पालकांच्या काळजीच्या प्रमाणावर नव्हे.

आमच्या प्रकारच्या बाळांत मात्र एक गोष्ट उशिरा उद्भवू शकते. शस्त्रक्रियेनंतर एक ते काही आठवड्यांनी, सगळे सुरळीत चालले असताना, बारीक ताप येतो, बाळ किरकिरते, दूध नको म्हणते, आडवे ठेवले की अधिक रडते आणि श्वास वाढतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठल्याचे ते लक्षण असू शकते. साध्या सर्दी-तापासारखे दिसत असल्यामुळे घराजवळच्या डॉक्टरांकडे गेल्यास हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी केली की पाणी आहे का ते कळते.

लसीकरणाचेही विचारून घ्यावे. बहुतेक लसी ठरल्या वेळी देता येतात, पण शस्त्रक्रियेत रक्त किंवा रक्तघटक दिलेले असतील तर गोवराची लस काही महिने पुढे ढकलावी लागते. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस घेतलेली बरी.

चाफा

आपणा तिघांचे मनापासून आभार. हिरवळताईंची सूचना योग्य आहे. आमचे आकडे इतर कोणी धरून चालू नये.

काल रात्री सांगितल्याप्रमाणे दुधाची बेरीज केली तेव्हा २४ तासांत ३१० मिलिलिटर भरले. त्याआधी मी प्रत्येक वेळचा आकडा लिहीत होते, पण बेरीज करण्याचे सुचले नव्हते. वजनही तीन दिवस जागचे हललेले नाही. सॅच्युरेशन मात्र ७९-८० वर स्थिर आहे, लाट स्वच्छ आहे, रंगही नेहमीसारखा आहे. आणखी एक गोष्ट इथे लिहिण्याजोगी आहे की नाही, ते कळत नाही: शस्त्रक्रियेपासून त्याचे रडणे अगदी घोगरे, जवळजवळ आवाज नसलेले आहे आणि दूध पिताना तो मधूनमधून ठसकतो. घरातल्या सगळ्यांना वाटते की श्वासाची नळी घातली होती म्हणून घसा बसला असेल आणि हळूहळू सुटेल. पुढच्या तपासणीची तारीख चार दिवसांवर आहे. तोवर थांबावे का?

रात्रपाळी

थांबू नये, आजच फोन करावा.

आपल्याकडे किमान दुधाचा जो हिशोब धरतात तो साधारणपणे दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटर असा आहे, म्हणजे ३.६ किलोच्या बाळाला कमीत कमी ३६० मिलिलिटर. तुमची बेरीज त्याच्या पन्नास मिलिलिटर खाली आहे. वजन थांबल्याने दुसरी मर्यादाही ओलांडली गेली आहे. सॅच्युरेशन चांगले आहे म्हणून या दोन गोष्टी बाजूला ठेवता येत नाहीत. वजन रोज पाहायचे ते याचसाठी.

घोगऱ्या आवाजाची गोष्ट लिहिलीत ते फार बरे केले. स्वरयंत्राकडे जाणारी डावी मज्जातंतू महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन वर जाते. तुमच्या बाळाची शस्त्रक्रिया नेमकी त्याच कमानीवर झाली आहे आणि अशा शस्त्रक्रियेत त्या मज्जातंतूला ताण बसू शकतो. मग एक स्वरतंतू नीट मिटत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो आणि गिळताना थोडे दूध श्वासनलिकेत उतरू शकते. काही बाळे ठसकतात, काही तर ठसकतही नाहीत. नळीमुळे बसलेला घसा बहुधा काही दिवसांत सुटतो. दोन महिन्यांनी तोच आवाज असेल तर स्वरतंतू पाहून घेतलेच पाहिजेत. फोनवर हे तिन्ही मुद्दे आकड्यांसह सांगावेत: २४ तासांतले दूध, तीन दिवसांचे वजन आणि आवाज व ठसका. "बाळ नीट दूध पीत नाही" एवढेच म्हटले तर समोरचा माणूस दोन दिवस पाहा म्हणू शकतो. ३६० ऐवजी ३१० म्हटले तर म्हणणार नाही. दूध स्वतःहून घट्ट करू नये आणि भरून काढण्यासाठी जबरदस्तीने पाजू नये.

चाफा

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. फोन केल्यावर त्याच दुपारी बोलावले. नाकातून दुर्बीण घालून पाहिले तेव्हा डावा स्वरतंतू हलत नसल्याचे दिसले. सध्या थोडे दूध तोंडाने, डाव्या कुशीवर धरून आणि सावकाश द्यायचे आणि उरलेले नाकातल्या नळीने द्यायचे, असे ठरले आहे. नळी किती दिवस राहील हे आत्ताच सांगता येत नाही, असे ते म्हणाले. प्रत्येक वेळी दूध देण्याआधी नळी जागेवर आहे याची खात्री कशी करायची, ते आम्हा दोघांकडून समोर करून घेतले. दुधातील उष्मांकही त्यांनी वाढवून दिले आहेत. वजन आता पुन्हा वाढू लागले आहे, रोज वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास.

एक शेवटचा प्रश्न. आमचे रुग्णालय दूर आहे. रात्री काही झाले तर आधी जवळच्याच रुग्णालयात जावे लागेल आणि तिथे असे बाळ कोणी पाहिलेले असेलच असे नाही. तिथे काय सांगावे?

नोंदवही

यासाठी बालहृदयरोगतज्ज्ञांकडून एका पानाचे पत्र आजच मागून घ्यावे. आमच्या पत्रात आजाराचे आणि शस्त्रक्रियेचे नाव, शंटची जाडी आणि तो कोणत्या बाजूला आहे, नेहमीचे सॅच्युरेशन, औषधे मिलिग्रॅममध्ये, ताजे वजन आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन क्रमांक एवढेच होते. शंट कोणत्या बाजूचा आहे हे लिहिण्याचे कारण असे की, त्या बाजूच्या हाताला जाणाऱ्या रक्तवाहिनीतून तो काढलेला असेल तर त्या हातावर रक्तदाब खोटा कमी दिसू शकतो. म्हणून तो दुसऱ्या हातावर किंवा पायावर मोजावा, असे पत्रातच नमूद होते.

सर्वांत महत्त्वाचे वाक्य ऑक्सिजनबद्दलचे होते. ७८ हा आकडा पाहून अनोळखी डॉक्टर साहजिकच मुखवटा लावून तो १०० पर्यंत नेण्याचा प्रयत्न करतात. शंटच्या बाळात त्यामुळे फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे धावते आणि शरीराचा पुरवठा कमी होतो. म्हणून "या बाळाचे सॅच्युरेशन ७५ ते ८५ हेच योग्य आहे; त्याखाली असल्यास ऑक्सिजन द्यावा, पण ते सामान्य पातळीवर आणण्याचा प्रयत्न करू नये आणि आम्हाला फोन करावा" अशा अर्थाचे वाक्य ठळक अक्षरांत असावे. शंट बंद पडल्याची शंका असेल तर मात्र गणित निराळे असते, आणि ते तिथल्या डॉक्टरांनी फोनवर तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचे असते. आपण मध्ये पडून ऑक्सिजनला नकार देऊ नये. पत्र पुढे करून फोन जोडून द्यावा, एवढे आपले काम.

घरातील किमान दोघांनी तान्ह्या बाळाला कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब कसा द्यायचा, हे रुग्णालयातील बाहुलीवर प्रत्यक्ष करून शिकावे. चित्रफीत पाहून ते हाताला येत नाही. पत्राची एक प्रत ऑक्सिमीटरच्या पिशवीत आणि छायाचित्र दोघांच्याही फोनमध्ये ठेवावे. वजन वाढले की औषधांच्या मात्रा बदलतात, तेव्हा प्रत्येक तपासणीच्या वेळी जुने पत्र देऊन नवे घ्यावे, आणि आता नाकातल्या नळीची जाडी आणि ती किती सेंटिमीटरवर चिकटवली आहे, हेही त्यात लिहून घ्यावे.